युरोपात घर मांडताना: खर्चाची तुलना कशी करावी

पुण्यात वाहन उद्योगात किंवा चिपच्या क्षेत्रात काम करणाऱ्या इंजिनिअरला आज एकाच महिन्यात जर्मनीतलं श्टुटगार्ट आणि नेदरलँड्समधलं आइंडहोव्हन अशा दोन शहरांतून नोकरीचं बोलावणं येऊ शकतं. दोन्ही पत्रांवरचा पगार जवळपास सारखाच असतो. मग घरात खल सुरू होतो: त्यातल्या त्यात स्वस्त शहर कुठलं? कोणी युरोचे रुपये करून बघतं, कोणी नंबिओसारख्या संकेतस्थळावर दोन शहरांची नावं टाकतं, कोणी डब्लिनच्या मावसभावाला फोन लावतं. तिन्हीकडून काही ना काही उत्तर मिळतं, पण ते तुमच्या घराचं उत्तर नसतं.

नंबिओवरचे आकडे ते संकेतस्थळ वापरणारे लोकच भरतात आणि न्यूयॉर्कला १०० धरून बाकीची शहरं मोजली जातात. ढोबळ अंदाजाला ते ठीक आहे. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट दरवर्षी देशोदेशींची किंमतपातळी जाहीर करते. संघाची सरासरी १०० धरली तर डेन्मार्क १४० च्या वर आणि बल्गेरिया-रोमानिया ६० च्या आसपास, असं चित्र अलीकडच्या वर्षांत दिसतं. पण डबा घरून नेणारं, दोन मुलं असलेलं, गावाकडे पैसे पाठवणारं आणि वर्षातून एकदा मुंबईचं विमान पकडणारं कुटुंब या सरासरीत बसत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की घर तेच ठेवा आणि ते दोन शहरांत मांडून बघा. कमावणारे किती, मुलांची वयं काय आणि नियमित औषधं कोणाला लागतात, या तीन उत्तरांवर जेवढं ठरतं तेवढं दुधाच्या भावावर ठरत नाही.

आधी रुपयांचा गुणाकार सोडायला हवा. युरो शंभर रुपयांच्या घरात गेल्यापासून तो तोंडी करता येतो आणि त्यामुळेच तो सुटत नाही. त्याऐवजी वेळेचा हिशेब करून बघा. जानेवारी २०२६ पासून जर्मनीत किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. साध्या दुकानातलं लिटरभर दूध साधारण एका युरोला मिळतं, म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाची चार-पाच मिनिटांची कमाई. तोच माणूस केस कापायला तीस युरो देतो तेव्हा त्याच्या दोन तासांहून जास्त कामाचे पैसे जातात. युरोपातल्या महागाईचा स्वभाव या दोन आकड्यांत दिसतो. शेतात, कारखान्यात तयार होणारी वस्तू पगाराच्या मानाने स्वस्त आणि माणसाचा वेळ लागणारं प्रत्येक काम महाग. नळ दुरुस्त करणारा, हॉटेलचं जेवण, पाळणाघर, रात्री अडकलेलं दार उघडून देणारा कुलूपवाला या सगळ्यांत तुम्ही माणसाच्या तासांचे पैसे देता.

पुण्यातल्या घरात पोळ्यांच्या मावशी, धुणंभांडी, इस्त्रीवाला, सोसायटीचा वॉचमन असा बराच मानवी वेळ अल्प पैशांत आलेला असतो. तिकडे तो विकत घेणं बहुतेकांना परवडत नाही आणि त्याची जागा तुमचा स्वतःचा वेळ घेतो. दोघंही पूर्ण वेळ नोकरी करणार असाल तर निघण्याआधी या हिशेबाबद्दल एकमेकांशी मोकळेपणाने बोला. कोण काय करणार हे न ठरवता गेलेल्या घरात बाहेरून मागवलेल्या जेवणाचं बिल भराभर वाढतं.

आता पगार. नेमणूकपत्रावरचा आकडा वर्षाचा आहे की महिन्याचा, आणि महिन्याचा असेल तर वर्षात असे किती पगार मिळणार, हे आधी पक्कं करा. ऑस्ट्रियात चौदा पगारांची पद्धत आहे आणि वरच्या दोन पगारांवर कर बराच कमी लागतो. स्पेन, पोर्तुगालमध्येही चौदा हप्ते असतात. नेदरलँड्समध्ये पगाराच्या ८ टक्के सुट्टी-भत्ता असतो आणि तो बहुधा मे महिन्यात हातात पडतो. पत्रात लिहिलेला वार्षिक आकडा हा भत्ता धरून आहे की सोडून, हे विचारायला संकोच करू नका. जर्मनीत काही कंपन्या तेरावा पगार देतात, काही देत नाहीत. सगळ्या पत्रांचा वर्षाचा एकूण आकडा काढल्याशिवाय तुलनेला हात घालू नये.

मग येते कपात. जर्मनीत निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि वृद्धापकाळची शुश्रूषा अशा चार विम्यांसाठी पगाराचा साधारण पाचवा भाग कापला जातो. जवळपास तेवढाच वाटा मालक भरतो आणि मोठ्या पगारांना वरची मर्यादा असते. त्यावर प्राप्तिकर. श्टुटगार्ट आणि आइंडहोव्हन यांच्यातला खरा फरक इथे दिसू लागतो. जर्मनीत नवरा-बायकोच्या उत्पन्नावर एकत्र कर आकारता येतो. एकच जण कमावत असेल आणि दोघंही जर्मनीत राहत असतील, तर कमावणाऱ्याला टॅक्स क्लास तीन मिळतो आणि महिन्याला काही शे युरो जास्त हातात येतात. नेदरलँड्समध्ये प्रत्येकाचा कर वेगळा. तिथे एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला, तेवढेच पैसे दोघांत मिळून कमावणाऱ्या घरापेक्षा, जास्त कर भरावा लागतो. जर्मन सवलतीत एक अट लक्षात ठेवायची: बायको-मुलं सहा महिन्यांनी येणार असतील आणि तोवर पुण्यात राहणार असतील, तर तेवढे महिने टॅक्स क्लास एक धरूनच हिशेब करा.

नेदरलँड्सच्या बाजूने तोलायची गोष्ट म्हणजे परदेशातून बोलावलेल्या कर्मचाऱ्यांची करसवलत. ठरावीक पगारमर्यादा ओलांडणाऱ्याला पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त मिळू शकतो. ही सवलत जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते आणि २०२७ पासून ती २७ टक्क्यांवर येणार आहे. नोकरी सुरू होण्याआधीच्या चोवीस महिन्यांपैकी सोळापेक्षा जास्त महिने तुम्ही डच सीमेपासून दीडशे किलोमीटरच्या बाहेर राहिलेले असायला हवेत. म्हणजे पुण्याहून थेट जाणाऱ्याला अडचण नाही, पण आधी क्योल्न, ड्युसेलडॉर्फ किंवा ब्रसेल्समध्ये दोन वर्षं राहून मग आइंडहोव्हनला गेलेल्याच्या हातून ती जाते. अर्ज पहिल्या चार महिन्यांत झाला तर सवलत पहिल्या दिवसापासून लागू होते. कंपनी हा अर्ज वेळेत करणार का, हे पत्रावर सही करण्यापूर्वी लेखी घ्या. आणि घरभाडं ठरवताना ही सवलत नसलेल्या पगारावर ठरवा, कारण पाच वर्षांनी मुलं त्याच शाळेत असतील, भाडं वाढलेलं असेल आणि हातात येणारा पगार मात्र अचानक खाली येईल.

दोन्ही देशांसाठी पगाराची कपात दाखवणारे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट मिळतात. जर्मनीसाठी 'ब्रुटो नेटो रेखनर' असं शोधलं की झालं. घरातल्या माणसांची खरी माहिती भरा आणि मिळालेला मासिक आकडा वहीत सर्वांत वर लिहा. पुढचं सगळं त्यातून वजा करायचं आहे.

त्या वजाबाकीतली सर्वांत मोठी रक्कम घराची असते. जर्मन जाहिरातीत ठळक दिसणारा आकडा बहुधा 'काल्टमीटे' असतो, म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असे 'नेबेनकोस्टेन' मिळवले की 'वार्ममीटे' होते. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. डच जाहिरातीतही भाडं वीज-गॅस धरून आहे की सोडून, ते पाहावं लागतं. दोन शहरांची भाडी समोरासमोर ठेवताना एकीकडचं काल्ट आणि दुसरीकडचं सर्वसमावेशक भाडं धरलं तर सगळी तुलनाच फुकट.

वार्ममीटेतला हीटिंगचा भाग हा आगाऊ घेतलेला अंदाज असतो, हेही ध्यानात घ्या. वर्ष संपल्यावर हिशेब येतो आणि जास्त वापर झाला असेल तर फरक भरावा लागतो. हिशेबाचा काळ संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत मालकाने तो पाठवायचा असतो. उशीर केला तर फरकाची मागणी सहसा करता येत नाही. हीटिंगच्या खर्चापैकी ५० ते ७० टक्के भाग प्रत्येक घराच्या प्रत्यक्ष वापरावर वाटावा, असा नियम आहे. त्यामुळे जुनी, झिरपणारी खिडकी तुमच्या खिशाला थेट चाट लावते. घर बघायला जाल तेव्हा ऊर्जा प्रमाणपत्र मागा. ए प्लस ते एच अशी त्याची श्रेणी असते. खालच्या श्रेणीतलं जुनं घर पन्नास युरोंनी स्वस्त दिसलं तरी फेब्रुवारीत ते महाग पडू शकतं. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची. फोडणी, भात, कुकर यांच्या वाफेने भिंतीला बुरशी धरली तर अनामत परत मिळताना वाद होतो.

आणि स्वयंपाकघर! जर्मनीत कित्येक घरं ओटा, कपाटं, शेगडी यांशिवाय भाड्याने दिली जातात. छताला दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर तुम्हाला विकू पाहतो किंवा ते उचकटून घेऊन जातो. नवं बसवायचं तर हजारो युरोंचा प्रश्न. जाहिरातीत 'आइनबाउक्युखं' असा उल्लेख असेल तर ओटा तयार आहे असं समजायचं आणि त्यासाठी थोडं जास्त भाडं देणं पहिल्या घरापुरतं शहाणपणाचं. नेदरलँड्समध्ये तीन प्रकार दिसतात. 'काल' म्हणजे फरशीसुद्धा नसलेलं, 'गेस्टोफेर्ट' म्हणजे जमिनीचं आच्छादन आणि पडदे असलेलं, 'गेमूबिलेर्ट' म्हणजे फर्निचरसह. दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्याने काल घर स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नये. लाकडी फ्लोअरिंग घालण्याचा खर्च त्या काळात वसूल होत नाही आणि जाताना कधी कधी ते काढूनही द्यावं लागतं.

अनामतीची मर्यादा देशागणिक वेगळी आहे. जर्मनीत ती तीन काल्टमीटेपर्यंत आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. नेदरलँड्समध्ये जुलै २०२३ नंतरच्या करारांना दोन महिन्यांची मर्यादा आहे. फ्रान्समध्ये रिकाम्या घराला एक महिना, फर्निचर असलेल्याला दोन. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घरांना पाच आठवड्यांचं भाडं. दलालीबाबत जर्मनीचा २०१५ पासूनचा नियम साधा आहे: ज्याने दलाल नेमला त्याने पैसे द्यावेत. मालकाच्या दलालाने तुमच्याकडे दलाली मागितली तर नकार द्या. नेदरलँड्समध्ये घराचं क्षेत्रफळ, सोयी, ऊर्जा श्रेणी यांना गुण देऊन भाड्याची कमाल मर्यादा ठरवतात. जुलै २०२४ पासून मधल्या गटातली घरंही या पद्धतीत आली आहेत. गुणांपेक्षा जास्त भाडं लावलेलं असेल तर हूरकोमिसी या भाडे-लवादाकडे दाद मागता येते. नवखे लोक मालकाशी वाकडं नको म्हणून गप्प राहतात. पण महिन्याला शंभर-दोनशे युरोंचा प्रश्न असेल तर मी गप्प राहायला सांगणार नाही. घर न पाहता, चावी हातात नसताना अनामत पाठवायची नाही, मग छायाचित्रं कितीही सुंदर असोत.

घर शहरात घ्यावं की बाहेर, याचं उत्तर दोन्ही देशांत वेगळं निघतं, आणि ते प्रवासाच्या तिकिटांमुळे. जर्मनीचं डॉइचलांडटिकिट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ते महिना ६३ युरो आहे. देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात. आयसीईसारख्या जलद गाड्या येत नाहीत. याचा अर्थ एस्लिंगेन किंवा लुडविग्सबुर्गला राहून श्टुटगार्टला कामाला जाणाऱ्याचा प्रवासखर्च शहरात राहणाऱ्याएवढाच. भाड्यात वाचलेले पैसे सगळे हातात राहतात. नेदरलँड्समध्ये भाडं अंतरानुसार कापलं जातं, त्यामुळे लांब राहण्याची किंमत दर फेरीला मोजावी लागते. कंपनी प्रवासखर्च देते का, किती देते, हे तिथे पगाराइतकंच महत्त्वाचं. कामापासून सायकलच्या टप्प्यात घर मिळालं तर मात्र नेदरलँड्ससारखा स्वस्त प्रवास दुसरीकडे नाही. सायकल जुनी घ्या, कुलूप भारी घ्या.

एकच कमाई आणि लहान मुलं असलेल्या घराला आरोग्यविमा आणि मुलं या दोन बाबींवरच निर्णय घेता येईल, इतका फरक त्यांत आहे. जर्मनीतल्या सरकारी पद्धतीच्या विम्यात कमावणाऱ्याच्या हप्त्यातच न कमावणारा जोडीदार आणि मुलं विनामूल्य येतात. नेदरलँड्समध्ये प्रत्येक प्रौढाचा हप्ता वेगळा, दरमहा दीडशे युरोंच्या पुढे, मग तो कमावत असो वा नसो. शिवाय वर्षाला ३८५ युरोंपर्यंतचा उपचारखर्च प्रत्येकाने आधी स्वतः करायचा. फॅमिली डॉक्टरकडे जाणं या ३८५ मध्ये धरलं जात नाही आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ना हप्ता ना ही रक्कम. म्हणजे नवरा-बायको दोघांचे मिळून महिन्याला तीनशेहून जास्त युरो पगार हातात आल्यावर बाहेर जातात. डच पगारपत्रक जर्मन पगारपत्रकापेक्षा चांगलं दिसण्याचं एक कारण हेच, कारण जर्मनीत ही रक्कम आधीच कापलेली असते. तुलना करताना डच निव्वळ पगारातून विम्याचे हप्ते वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रौढांच्या दातांची कामं डच मूळ विम्यात बहुतांशी येत नाहीत आणि चष्म्याचा खर्च दोन्हीकडे बहुधा आपलाच. दातांचं जे काही करायचं असेल ते आणि एक जादा चष्मा निघण्यापूर्वीच करून घेतलेला बरा.

मुलांच्या बाबतीत त्यांचं वय बघा. डच मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ शकतं आणि सरकारी खर्चाने चालणारी शाळा फुकट असते. जर्मनीत शाळा साधारण सहाव्या वर्षी. तोवर किटा, म्हणजे बालवाडी, आणि तिचं शुल्क राज्य आणि गावानुसार बदलतं. बर्लिनमध्ये किटा विनामूल्य आहे, फक्त जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात आहे तिथे शुल्क पडतं. जागा मिळायला वाट बघावी लागते, म्हणून पत्ता मिळताच नाव नोंदवावं. नेदरलँड्समध्ये पाळणाघर तासावर असतं आणि महाग असतं. सरकार त्यासाठी भत्ता देतं, पण सर्वसाधारणपणे दोन्ही पालक नोकरी करत असतील तरच, आणि तोही ठरावीक ताशी दरापर्यंत. दीड वर्षाचं मूल आणि दोघांची नोकरी अशा घराला हा भत्ता मोठा आधार. एकच कमावत असेल तर तो मिळत नाही, पण मग मूल घरीच असतं. पाच वर्षांचं मूल असलेल्या घराला आइंडहोव्हनमध्ये शाळा लगेच मिळते. शाळा सुटल्यानंतरचा सांभाळ मात्र तिथेही पैशांचा. जर्मनी प्रत्येक मुलामागे किंडरगेल्ड देतं. २०२६ मध्ये ते महिना २५९ युरो आहे आणि पालकांच्या उत्पन्नावर अवलंबून नाही. ब्लू कार्ड या कामाच्या परवान्यावर गेलेल्या कुटुंबालाही ते मिळतं, पण अर्ज केल्यावर. अर्ज उशिरा केला तर मागचे सहा महिनेच मिळतात.

आता किराणा. याची भीती सर्वांत जास्त आणि खरी झळ सर्वांत कमी. आल्डी, लिडल यांसारख्या दुकानांत दूध, लोणी, अंडी, बटाटे, कांदे, टोमॅटो, फळं यांचे भाव पगाराच्या मानाने सुसह्य असतात. युरोपीय संघात किमतीच्या पट्टीवर किलोचा किंवा लिटरचा भाव छोट्या अक्षरांत लिहावा लागतो. मोठ्या अक्षरांकडे न बघता तोच वाचायची सवय लावा. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, हिंग, कणीक यांसाठी भारतीय दुकान लागतं आणि तिथे वाणसामान महिन्यातून एकदाच, मोठ्या पिशव्यांत भरावं. कणकेची दहा किलोची पिशवी किलोमागे स्वस्त पडते. पण भाज्या भारतीय दुकानातून घेऊ नका. जर्मनीत तुर्की दुकानात कोथिंबिरीची, पुदिन्याची भरघोस जुडी, भेंडी, वांगी, छोले, मसूर वाजवी भावात मिळतात. नेदरलँड्समध्ये सुरीनामी 'तोको', म्हणजे किराणा दुकान, शोधा. १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरीनामला नेलेल्या मजुरांचे वंशज पुढे मोठ्या संख्येने नेदरलँड्समध्ये आले, विशेषतः हेगमध्ये, आणि त्यांच्यामुळे कारली, दुधी, लांब चवळी तिथे सहज मिळतात. जर्मन क्वार्क फडक्यात बांधून पाणी काढलं की श्रीखंडाला उत्तम चक्का होतो आणि तो भारतीय दुकानातल्या डब्यातल्या श्रीखंडापेक्षा कितीतरी स्वस्त. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर मिळेलच असं नाही. जाताना सामानात न्यायचं झालं तर तांदळापेक्षा गोडा मसाला न्या.

बाटल्या टाकून देऊ नका. जर्मनीत पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. हॉटेलात जर्मनीत पाण्यालाही पैसे पडतात. फ्रान्समध्ये नळाच्या पाण्याचा जग मागितला की फुकट मिळतो. चौघांचं बाहेरचं जेवण महिन्यातून किती वेळा, हा आकडा खरा लिहा. बहुतेक घरांत किराण्याचा नव्हे, याच आकड्याचा अंदाज चुकतो.

किरकोळ वाटणारी काही बिलं पहिल्या वर्षी अवचित येतात. जर्मनीत प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीसाठी महिना १८.३६ युरो द्यावे लागतात, टीव्ही नसला तरी. डच नगरपालिका कचऱ्याचा आणि पाणी मंडळ त्याचा स्वतंत्र कर लावतात. जर्मनीत 'हाफ्टफ्लिश्ट' हा दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा महिन्याला थोडक्याच युरोंत मिळतो. मुलाने शेजाऱ्याची काच फोडली, आपल्या वॉशिंग मशीनचं पाणी खालच्या घरात झिरपलं, अशा वेळी तो लागतो. लहान मुलांच्या घराने हा विमा घेतलाच पाहिजे असं मला वाटतं.

ब्रिटनकडे डोळे असतील तर हिशेब निघण्यापूर्वीच सुरू होतो. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो: प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. चौघांचं कुटुंब, तीन वर्षांचा व्हिसा म्हणजे १०,८६६ पौंड. कंपनी फक्त तुमचा भरणार की सगळ्यांचा, हे विचारल्याशिवाय तिथला पगार चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. घरभाड्याशिवाय कौन्सिल टॅक्सही बहुधा भाडेकरूच भरतो. स्वित्झर्लंडचे पगार पाहून डोळे दिपतात, पण तिथे आरोग्यविमा माणशी, अगदी तान्ह्या बाळाचाही वेगळा, आणि उत्पन्नाशी त्याचा संबंध नाही. एकट्या माणसाला स्वित्झर्लंड जितकं लाभतं तितकं तीन मुलांच्या घराला लाभेलच असं नाही. लिस्बनबद्दल 'स्वस्त शहर' असा समज अजून आहे. कॉफी स्वस्त आहे, पण पोर्तुगीज पगार कमी आहेत आणि लिस्बनची भाडी त्या मानाने फार चढली आहेत. उत्तर युरोपातून पगार मिळत असेल तर गोष्ट निराळी. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना फुकट आहे, मात्र भाडी एवढी आहेत की पुष्कळ लोक सीमेपलीकडे राहून रोज ये-जा करतात.

पहिल्या तीन महिन्यांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढा आणि ती महिन्याच्या अंदाजपत्रकात मिसळू नका. तात्पुरतं फर्निचरवालं घर, कायमच्या घराची अनामत, पहिलं भाडं, गाद्या, भांडी, हिवाळी जॅकेट आणि बूट हे सगळं एकदम येतं, आणि जर्मनीत पहिला पगार बहुधा महिन्याच्या शेवटी. तात्पुरत्या निवासाचे पैसे कंपनीकडे मागा. पगार वाढवून द्यायला तयार नसलेली कंपनीही एक-दोन महिन्यांचं निवास आणि विमानभाडं अनेकदा देते. जुनं फर्निचर जर्मनीत क्लाइनआनत्सायगन आणि नेदरलँड्समध्ये मार्कटप्लाट्स या संकेतस्थळांवर मिळतं. शहर सोडणारी भारतीय कुटुंबं मिक्सर-कुकरसकट आख्खं घर विकतात. स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

दरवर्षीचे मोठे खर्च बारा महिन्यांत वाटून लिहायचे. शाळेच्या सुट्टीत चौघांची मुंबईची तिकिटं, इथल्या फ्लॅटचा हप्ता, आईवडिलांना पाठवायचे पैसे आणि त्यांची एक भेट. त्या भेटीत शेंगेन व्हिसाचे माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा आणि विमानभाडं धरा. सत्तरीच्या पुढे विम्याचा हप्ता चढतो आणि जुन्या आजारांना बहुतेक पॉलिसी वगळतात, म्हणून त्यांची नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत आणायला सांगा. पैसे पाठवताना 'शुल्क शून्य' या जाहिरातीवर न जाता, शंभर युरोंमागे खात्यात नेमके किती रुपये पडतील ते दोन-तीन ठिकाणी पाहा. दरातला फरक शुल्कापेक्षा मोठा असतो. तुम्ही अनिवासी झाल्यावर भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या, खात्यात बदलावं लागतं, तेही याच यादीत.

शेवटी अशी एक बाब, जी खर्च म्हणून कापली जाते पण सगळीच खर्च नसते. जर्मन पगारातून जाणारा निवृत्तिवेतनाचा वाटा. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे. जर्मन निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी किमान पाच वर्षांची वर्गणी लागते आणि ती मोजताना भारतातला वर्गणीचा काळ त्यात जोडता येतो. भारतीय कंपनीने काही वर्षांसाठी पाठवलं असेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेऊन तिकडची वर्गणी ठरावीक काळ टाळता येते. नेदरलँड्सशीही भारताचा असा करार आहे. तुम्ही स्थानिक नोकरीवर जाणार आहात की कंपनीच्या प्रतिनियुक्तीवर, यावर हातात येणारा पगार बदलतो, म्हणून हा प्रश्न पहिल्याच मुलाखतीनंतर विचारा. आणि दरवर्षी येणारं विमा-वर्गणीचं पत्र, जर्मन विमा क्रमांकासह, जपून ठेवा. वीस वर्षांनी पुण्यातून अर्ज कराल तेव्हा तोच कागद लागेल.